जोडीदाराचा व्हिसा ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’मध्ये अडकला तेव्हा : अनुभव धागा

अमेरिकेच्या स्पाउस (जोडीदाराच्या) व्हिसाची मुलाखत झाली आणि पुढे ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’मध्ये, म्हणजे मुलाखतीनंतरच्या जादा तपासणीत, गाडी अडकली, अशा सगळ्यांसाठी हा धागा उघडते आहे. गेल्या काही महिन्यांत मला सारखा एकच निरोप येतोय. ‘ताई, मुलाखत छान झाली, लग्नाचा अल्बमही पाहिला, आणि निघताना हातात एक चिठ्ठी दिली. आता काय करू?’ एकेकीला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एका जागी असलेलं बरं.

आधी माझं सांगते. मी पुण्याची. नवरा न्यू जर्सीत, तिथला नागरिक. मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची झाली. लग्नाला माणसं किती होती, आम्ही पहिल्यांदा कुठे भेटलो, त्याची आई कुठे राहते, एवढंच विचारलं. मग काचेखालून एक कागद आणि पासपोर्ट दोन्ही परत आले. बाबा बाहेर छत्री घेऊन उभे होते. त्यांना मी ‘झालं’ एवढंच म्हणाले, कारण त्या कागदाचा अर्थ मलाच लागला नव्हता. रात्री साईटवर केस नंबर टाकला तर समोर शब्द आला ‘रिफ्यूज्ड’. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

तो शब्द ज्यांनी आज पहिल्यांदा पाहिला असेल त्यांच्यासाठी आधी हे लिहिते. चिठ्ठीवर जे २२१(जी) असतं ते अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम आहे. त्या दिवशी, हातात असलेल्या कागदांवर, अधिकाऱ्याला व्हिसा देता आला नाही, असा त्याचा अर्थ. अर्जावर निर्णय दोनच होऊ शकतात, दिला किंवा नाकारला, म्हणून जी केस अजून चालू आहे तीही साईटवर ‘रिफ्यूज्ड’च दिसते. दार बंद झालेलं नसतं.

चिठ्ठी नीट वाचा, कारण अडकण्याचे प्रकार दोन आहेत. एकात तुमच्याकडून काही मागितलेलं असतं, म्हणजे दाखला, टॅक्सचे कागद, प्रतिज्ञापत्र वगैरे. ते द्यायला एक वर्ष मिळतं. वर्ष उलटलं तर अर्ज नव्याने आणि फीसुद्धा नव्याने. दुसऱ्या प्रकारात तुमच्याकडून काहीच नको असतं, तपास त्यांच्या बाजूला चालू असतो आणि तारीख कोणी देत नाही. माझी केस दुसऱ्या प्रकारातली. अकरा महिने लागले.

लिहिताना व्हिसा कुठला (नागरिकाच्या जोडीदाराचा, लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर-१, झाली असतील तर आयआर-१, की दुसरा कुठला), किती दिवस लागले आणि त्या दिवसांत तुम्ही काय केलं, एवढं जरूर लिहा. कुठल्या ऑफिसचं, अधिकाऱ्याचं किंवा वकिलाचं नाव नको.

कराड ते ह्यूस्टन, सीआर-१, चार महिने

माझं सगळं अडलं नावापाशी. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. माझंही लिहिलं. तेव्हा फोटो काढताना मजा वाटली. पुढे सासरच्या रेशनकार्डावर तेच नाव लागलं, आधार बदललं तेही त्याच नावाने. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आणि जन्मदाखल्यावर तर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा, कारण बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कोणी परत गेलंच नाही.

खिडकीपलीकडच्या बाईंनी हे सगळे कागद शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारलं, यातल्या तुम्ही कोण? माझ्या तोंडून शब्द फुटेना. आपल्याला सवय असते हो, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, पहिलं नावसुद्धा बदललेलं. आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. कागदावर त्या तीन वेगळ्या बायका होतात.

शेवटी हे दिलं : शाळा सोडल्याचा दाखला, आई आणि थोरल्या आत्याची प्रतिज्ञापत्रं (आत्या माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात होती), नाव बदलल्याचं राजपत्र, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. आत्या ब्याऐंशी वर्षांची. नोटरीपुढे सही करताना हात थरथरत होता, तरी ‘अंगठा नको, मी सहीच करणार’ म्हणाली. त्या सहीवर मी अमेरिकेत आले असं मी मानते.

ज्यांची लग्नं ठरली आहेत त्यांना हात जोडून सांगते : तांदळातलं नाव तांदळातच राहू द्या. व्हिसा हातात पडेपर्यंत एकही कागद बदलू नका.

नागपूर ते मिशिगन, सीआर-१, एकोणीस महिने. नवऱ्याच्या बाजूने लिहितोय

माझी बायको रसायनशास्त्रात पीएचडी. मुलाखतीनंतर आठवड्याने मेल आला, सोबत डीएस-५५३५. हा फॉर्म पाहिला नसेल त्यांना सांगतो : पंधरा वर्षांचे सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, देशाबाहेरचा प्रत्येक प्रवास आणि त्याचा खर्च कोणी केला ते. शिवाय भावंडांची नावं आणि जन्मतारखा, आणि पाच वर्षांतले फोन नंबर, ईमेल, सोशल मीडियावरची खाती.

पंधरा वर्षांपूर्वी ती बारावीत होती. नेपाळला सहलीला गेली होती, तिथे पासपोर्ट लागत नाही म्हणून शिक्काही नाही. सासऱ्यांना रोजचा खर्च डायरीत लिहायची सवय. माळ्यावरून डायऱ्यांची पिशवी काढली आणि एका पानावर सापडलं, ‘चि. ला काठमांडूसाठी रु. ६,५००’. खाली तारीख. तीच तारीख फॉर्ममध्ये गेली. अंदाजाने काही लिहू नका. आठवत नसेल तिथे ‘नक्की तारीख आठवत नाही, अमुक महिना’ असं स्पष्ट लिहा, आणि जे पाठवाल त्याची प्रत जपून ठेवा.

त्यानंतर पूर्ण शांतता. आम्ही मेल करायचो, उत्तर ठरलेलं : केस प्रक्रियेत आहे. पाचव्या महिन्यात मी काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकन संसदेतल्या, माझ्या भागाच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला लिहिलं. तिथे प्रायव्हसी रिलीजचा (आपली माहिती त्यांना बघू देण्याच्या परवानगीचा) फॉर्म सही करून द्यावा लागतो, मग ते तुमच्या वतीने चौकशी करतात. तिथली मुलगी फार आपुलकीने बोलली, दर महिन्याला स्वतःहून मेल करायची. निकाल हलला नाही, पण केस विसरली गेलेली नाही एवढं कळत राहिलं.

सहाव्या महिन्यात मेडिकल (व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी) कालबाह्य झालं. त्याची मुदत साधारण सहा महिन्यांचीच असते. नंतर ते पुन्हा करावं लागलं, पैसे पुन्हा.

शेवटी सोळाव्या महिन्यात फेडरल कोर्टात मँडॅमसचा, म्हणजे अडलेला निर्णय सरकारला घ्यायला लावण्याचा, दावा लावला. कोर्टाची फी ४०५ डॉलर, वकिलाचे वेगळे आणि ते बरेच जास्त. दोन गोष्टी समजून मगच या वाटेला जा. कोर्ट ‘व्हिसा द्या’ असं सांगत नाही, ‘निर्णय घ्या’ एवढंच सांगू शकतं, आणि तो निर्णय नकाराचाही असू शकतो. दुसरं, नोटीस पोचल्यावर सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस असतात. आमच्या बाबतीत सातव्या आठवड्यात नव्या मेडिकलसाठी मेल आला आणि पुढे व्हिसा मिळाला. दाव्यामुळेच मिळाला का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सोळा महिने हातावर हात ठेवून बसल्यावर काहीतरी करता आलं, याचा मला आधार वाटला. माझ्या बायकोला मात्र दाव्याची भीती वाटत होती. दोघांचं एकमत झाल्याशिवाय लावू नका. आमचं त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेही फोनवर, आणि फोनवरचं भांडण मिटवायला शेजारी माणूस नसतो.

टोरंटोहून

आमचं कॅनडाचं, त्यामुळे नियम वेगळे, पण वाट पाहणं तेच. एकच गोष्ट सांगायची आहे. फाईल कुठे अडली ते तिथे मागवून पाहता येतं. माहिती अधिकाराखाली पाच डॉलर भरून जीसीएमएस नोट्स (फाईलवरच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी) मागवायच्या, अर्ज कॅनडात असलेल्या जोडीदाराने करायचा. कायद्याने मुदत ३० दिवसांची. आमच्या नोट्समध्ये दिसलं की नवऱ्याचा परदेशातला एक जुना पोलीस दाखला पोचलेलाच नव्हता. आम्ही पाठवला होता, पोचपावतीही होती. पुन्हा पाठवला.

सांगलीहून, एक सासू

मुलगी म्हणाली, आई तूही लिही. म्हणून लिहिते. मला व्हिसाचं काही कळत नाही.

माझा मुलगा न्यू यॉर्कला. लग्न होऊन पंधरा दिवसांत तो गेला आणि सून आमच्याकडे चौदा महिने राहिली. सगळ्यात वाईट असतं ते लोकांचं विचारणं. दूधवाला विचारायचा, भिशीतल्या बायका विचारायच्या, ‘अजून इथेच का? कधी जाणार?’ ती हसून ‘बघू’ म्हणायची आणि आत जाऊन दार लोटून घ्यायची. आणि मी तरी काय वेगळं करत होते? रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना ‘काही आलं का गं?’ असं मीच विचारत होते. एक दिवस तिच्या हातातला कप हलला आणि चहा बशीत सांडला. त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. काही आलं असतं तर तीच धावत आली असती ना.

मग मीच तिला म्हटलं, बाळा, तू एम.एस्सी. झालेली, जवळच्या कॉलेजात तासांवर शिकवायला जा. आमचे हे म्हणाले, मधेच बोलावणं आलं तर? मी म्हटलं, आलं तर जाईल, कॉलेज काय बांधून ठेवणार आहे? ती गेली, आणि घरात पुन्हा कोणी गुणगुणताना ऐकू यायला लागलं.

पहिल्या दिवाळीत पाडव्याला तिने फोन पाटावर उभा केला, आमचे संध्याकाळचे साडेसात, त्याचे सकाळचे दहा. तिने फोनला ओवाळलं. त्याने तिकडे कपाळाला कुंकू लावून घेतलं होतं, स्वतःच. मी स्वयंपाकघरात गेले, मला तिथे उभं राहवेना.

विहीणबाईंना दर रविवारी मीच फोन करायचे. मुलगी सासरी, जावई परदेशात, त्या माऊलीच्या जिवाला किती घोर. सासवांनी एवढं करावं.

पुणे, एच-४, पाच महिने

आमचा इमिग्रंट (कायमच्या वास्तव्याचा) व्हिसा नव्हता. नवरा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर), मी डिपेंडंट, म्हणून एच-४. त्याच्या कामाच्या क्षेत्रामुळे दोघांचंही थांबवलं. मी चूक केली ती अशी : मुलाखतीच्या आधीच राजीनामा दिला, भाड्याचं घर सोडलं, फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकलं. पाच महिने माहेरी बॅग भरून बसले, बॅगेतलेच कपडे काढून घालत. पासपोर्टवर व्हिसा छापून हातात येईपर्यंत नोटीस देऊ नका. ऑफिसला फार तर कल्पना द्या.

नाशिक ते शिकागो, आयआर-१

इथे बहुतेक बायका लिहिताहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. माझी बायको तिथली नागरिक, नर्स आहे. थांबलेला मी होतो. पुरुष माणूस बायकोमुळे मिळणाऱ्या व्हिसाकडे डोळे लावून बसलाय, हे आपल्याकडे लोकांना पचत नाही.

मेडिकलमध्ये छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला. लहानपणी टीबी होऊन गेला होता, औषधं पूर्ण घेतली होती. तरी लागोपाठ तीन दिवस सकाळी थुंकीचे नमुने द्यावे लागले आणि कल्चरचा रिपोर्ट यायला आठ आठवडे. जुन्या उपचारांची फाईल असेल तर ती मेडिकलला सोबत न्या, वेळ तरीही लागतोच, पण डॉक्टरांचे प्रश्न कमी होतात. ते निस्तरलं आणि मग बायकोच्या टॅक्सचे कागद मागणारी २२१(जी)ची चिठ्ठी.

एक मात्र घडलं. या सगळ्यात लग्नाला दोन वर्षं उलटली. दोन वर्षांच्या आत तिथे पोचलं असतं तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालं असतं आणि ते पक्कं करायला पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. दोन वर्षं झाल्यावर पोचलो, म्हणून थेट दहा वर्षांचं. तुमची तारीख जवळ आली असेल तर विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी हे बघा. चार-सहा दिवसांचा प्रश्न असेल तर थांबलेलं चांगलं.

ठाणे, दिवस २१२

मी अजून वाटच पाहते आहे. सगळ्यांचं वाचून काढलं, सांगलीच्या काकूंचं दोनदा. आमच्या घरीही आता कोणी विचारत नाही, पण बाबा रोज रात्री ‘झोपलीस का’ म्हणून डोकावतात, तेव्हा मला कळतं त्यांना काय विचारायचंय. काल साईटवर ‘केस लास्ट अपडेटेड’ची तारीख बदलली. शब्द तोच, ‘रिफ्यूज्ड’. याचा काही अर्थ असतो का?

(धागा सुरू करणारी) ठाण्याच्या ताई, माझी तारीख अकरा महिन्यांत नऊ वेळा बदलली, त्यातली एकच कामाची निघाली. म्हणजे कोणीतरी फाईल उघडली, यापलीकडे त्यातून काही धरून चालू नका. पण २१२ दिवस म्हणजे तुमचं मेडिकल बहुधा संपलं असणार. उद्या त्याची तारीख बघा, पोलीस क्लिअरन्सचीही बघा. स्वतःहून पुन्हा करू नका, त्यांनी सांगितल्यावरच करा, पण पैसे बाजूला काढून ठेवा आणि लसींचं कार्ड वर काढून ठेवा. आणि नवऱ्याला रजा मिळत असेल तर त्याला चार दिवस इकडे येऊन जाऊ दे. भेटीचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा.