कारवानी मिक्स पिल्लू, साडेतीन महिन्याचं, हाक मारली तर जवळ येत नाही. काय करू?

हुक्केरीचा_मळेकरी

नमस्कार मंडळी. आमचं घर मळ्यातच आहे, हुक्केरी तालुक्यात. दीड महिन्यामागं मुधोळकडच्या पाहुण्यांकडनं एक पिल्लू आणलंय, आई कारवानी, म्हणजे मुधोळची शिकारी जात, आणि बाप धनगराच्या बकऱ्यांमागचा गावठी. नाव तांबू. नुसते पायच पाय दिसतात, पोट आत, तोंड लांब. घरात एकदम शहाणं, ओसरीवर गोणपाटात पडून असतंय, एकदाही आत घाण केली नाही.

गेल्या रविवारी ऊसतोड झालेल्या फडात पहिल्यांदा मोकळं सोडलं. पाचटातनं ससा उठला आणि हे गेलं ते गेलंच. मी हाका मारत कालव्यापर्यंत पळालो, पाऊण तास पत्ता नाही. शेवटी आपणहून आलं, जीभ बाहेर, पुढच्या पंजाला उसाचं खोडकं लागून रक्त, आणि सरळ माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. आणि मी काय केलं तर त्या जिवाच्या भीतीनं आणि रागानं कासऱ्याच्या टोकानं त्याला दोन हाणले. तेव्हापासून हाक मारली की दहा फुटांवर थांबतंय, मान खाली, शेपूट पोटाखाली, मी एक पाऊल पुढं टाकलं की ते एक पाऊल मागं. चार दिवस झाले, मला झोप लागेना झालीय.

शेजारी म्हणतात मिक्स आहे म्हणून असं, अस्सल असतं तर ऐकलं असतं. दुसरे म्हणतात साखळीला बांध, दोन दिवस उपाशी ठेव, नाहीतर रोज गाडीमागं पळव म्हणजे मस्ती जिरेल. शिवाय घरात मी मराठीत बोलवतो, गडी कन्नडमध्ये, पोरं शाळेतलं कम कम करतात. बस म्हटलं तर बसतही नाही. कुणी असलं कुत्रं वाढवलं असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

रायबागचे_आबा

बाळा, पहिलं हे की पिल्लू बिघडलेलं नाही. त्यानं काय शिकलं बघ, लांब असलो तर काही होत नाही, मालकाजवळ गेलो तर मार बसतो. ते ससा विसरलं असेल, मार विसरलेलं नाही. या जातीचं कातडं पातळ आणि मनही तसंच, एखादं गावठी फटका खाऊन पाच मिनिटांत परत शेपूट हलवतं, हे आठवडाभर मिटून बसतंय. आजपासून हात उचलणं बंद, आणि परत आलेल्या कुत्र्याला कधीच रागवायचं नाही, दोन तासांनी येऊदे नाहीतर कोंबडी तोंडात धरून येऊदे.

आता चार-पाच दिवस त्याला हाकच मारू नको. त्याचं खाणं तू स्वतः दे, पण भांडं ठेवून निघून जाऊ नको. जमिनीवर बस, त्याच्याकडं पाठ करून किंवा आडवा, डोळ्यात बघायचं नाही, आणि भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं असं हळूच बाजूला टाकत राहा. येईल. वास हुंगेल, परत मागं जाईल, परत येईल. त्यानं तुझ्या हाताला नाक लावलं तरी लगेच धरायला जाऊ नको, इथंच सगळे चुकतात, आला रे आला की गळपट्टा धरला. धरून टाकण्यासाठीच बोलवतात असं त्याच्या डोक्यात बसतंय.

मग नवीन खूण घे. जुनी हाक आता माराशी जोडली गेलीय, ती सोड. तुमच्या घरात तीन भाषा, तर मी म्हणतो शिट्टीच घे, शिट्टीला मराठी-कन्नड काही नसतंय. तीन बारीक फुंका, दर वेळी तशाच, घरातल्या सगळ्यांनी तशाच. गडी कन्नडमध्ये बा, म्हणजे ये, म्हणत असेल ते चांगलं आखूड आहे, पण तो म्हशीलाही बा आणि पोरालाही बाच म्हणणार, पिल्लानं काय समजायचं? पहिला आठवडा शिट्टी फक्त भांडं ठेवताना, दोन हातांवरनं. मग ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडनं, मग अंगणातनं. दहा वेळा वाजवली तर दहाही वेळा काहीतरी मिळालंच पाहिजे. सुकट असेल घरात तर बाहेरसाठी तीच ठेव, तिच्या वासापुढं बाकी सगळं फिकं. आणि ते येणार नाही असं दिसत असेल तेव्हा शिट्टी वाजवायचीच नाही, फुकट वाजली की तिची किंमत गेली.

फडात सोडायचं असेल तर कासऱ्याला. ज्यानं मारलास तो नव्हे, दुसरा हलका घे, पंधरा-वीस फुटांचा, जमिनीवर ओढत राहूदे. हातात ताणून धरायचा नाही, नुसता पायाखाली येईल असा. धाव घेऊन एकदम संपली तर मानेला हिसका बसतो म्हणून कासरा गळपट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांध. किमान सहा-सात महिन्याचं होईपर्यंत मोकळं सोडू नको. हे नजरेवर पळणारं कुत्रं, हललेलं दिसलं की त्याचे कान बंद होतात, ऐकू येत असून येत नाही. एकदा मोकळ्या पळण्याची गोडी लागली की तुझ्या सुकटीला कोण विचारतंय. म्हणून बोलावणं आधी पक्कं आणि पळणं नंतर.

अस्सलचं म्हणशील तर मुधोळच्या मालोजीराव घोरपडे सरकारांनी जपलेली ही जात, २००५ ला पोस्टानं तिच्यावर तिकीट काढलं, लष्करानं पिल्लं नेऊन मेरठला शिकवली. पण पळायचा किडा अस्सलात जास्तच, कमी नाही. उलट तुझ्या तांबूत धनगरी रक्त आहे, माणसाकडं वळून बघायची सवय त्यातनंच येणार.

भाग्यनगर_बेळगाव

आबांनी सगळं सांगितलंय, मी फक्त तब्येतीचं बोलतो, गुरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं कंपाउंडर होतो.

गाडीमागं पळवू नका, अजिबात नको. वाढणाऱ्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात, असल्या उंच कुत्र्याची ती पक्की व्हायला वर्ष-सव्वा वर्ष जातंय, तोवर डांबरी रस्त्यावर गाडीच्या वेगानं पळवलं तर सांधे कायमचे बिघडू शकतात. त्याचं तो खेळेल, दमला की थांबेल, तेवढं बास. उपाशी ठेवणं तर वेडेपणा, या वयाला दिवसातनं तीन वेळा खायला पाहिजे.

पार्वो-डिस्टेंपर या रोगांच्या लशीचे बूस्टर पूर्ण झालेत का बघा, सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागतात, आणि रेबीजचं तीन महिन्यांनंतर, म्हणजे तुमचं आत्ता द्यायचंच आहे. जंताचं औषध वजनावर, अंदाजानं नको. पंजाची जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवून बघा, आत कूस, म्हणजे बारीक काटा, राहिली असेल तर लंगडेल.

गळपट्टा रुंद घ्या. यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा मागं सरकला की सुटला. आणि पुढं कधी ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की कारवानी रक्त आहे, अंगात चरबी नसल्यामुळं भुलीची काही जुनी औषधं यांना जड जातात.

बस म्हटल्यावर बसत नाही यात हट्ट नाही हो, लांब मांड्या आणि पाठीची कमान, त्यांना तसं बसणं अवघड पडतंय. थांब आणि झोप शिकवा, पटकन शिकेल.

चिक्कोडी_एक्सप्रेस

एवढं काय त्यात भावा, ससा मागं पळतंय म्हणजे जातिवंत आहे. दोन महिन्यात धरायला लागेल बघ, शिकारीचं कुत्रं शिकारच करणार.

रायबागचे_आबा

पोरा, ससा धरणं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. कुत्र्यानं धरला तरी मालकच सापडतो. आणि फडात ससा एकटा नसतो, शेजारची शेरडं, तारेचं कुंपण, रानडुकराला लावलेला फास. असल्या फासात माझं एक कुत्रं गेलंय, सोन्या नावाचं, दोन वर्षांचं होतं. तीन दिवस शोधत होतो मी. म्हणून सांगतोय.

निपाणीची_माई

दादा, माझी लेक इंग्लंडला असती, तिच्या शेजारच्यांकडं असलंच कुत्रं आहे, ग्रेहाउंड आणि कोलीचं मिक्स, तिकडं त्याला लर्चर म्हणतात. ती सांगत होती की तिथली माणसं पिल्लाला लहानपणीच कोंबड्या-मेंढ्यांजवळ बांधून नेतात, नुसतं बघायला. मी आमच्या राणीला तेच केलं. रोज संध्याकाळी खुराड्यापाशी दोरीवर घेऊन बसायची, राणी कोंबड्यांकडं टक लावून बघायची, अंग ताठ. मी गप्प. ज्या क्षणी तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, त्या क्षणी तोंडात खारी. महिनाभरात कोंबडी पायातनं गेली तरी बघेना. आता कोंबड्या तिच्या गोणपाटावर अंडी घालतात.

आणि पोरांना सांगा, झोपलेल्याला हात लावायचा नाही. राणी झोपेत दचकून गुरगुरायची, ही जात झोपेत लई हळवी. थंडीचं रात्री अंगावर जुनं स्वेटर घाला, केस नसतात हो त्यांना.

हुक्केरीचा_मळेकरी

तीन आठवड्यांनी लिहितोय, आधी लिहायला तोंड नव्हतं.

आबा, पहिले तीन दिवस काहीच नाही. मी गोठ्याच्या दारात पाठ करून बसायचो आणि ते चुलीमागनं बघायचं. चौथ्या दिवशी अंड्याचा तुकडा घेऊन लांब गेलं, खाल्लं, आणि परत आलं ते माझ्या पाठीला येऊन टेकलं. नुसतं टेकलं, हाडं टोचत होती त्याची. मी हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

शिट्टी आता अंगणात दहाला नऊ वेळा चालतीय. गडी पण तीच वाजवतोय, पोरं पण, त्यांना मी तशाच तीन फुंका शिकवल्या. काल फडात कासऱ्यावर होता, टिटवी उठली, दोन उड्या मारल्या, मी शिट्टी मारली तर मध्येच थांबून वळला. सुकटीची अख्खी पुडी दिली त्याला.

रेबीजची सुई झाली. पंजात कूस होतीच, काढली. माई, कोंबड्यांचं आजपासनं सुरू करतोय. एकच विचारायचं राहिलं, आमच्याकडं दर महिन्याला धनगराचा कळप खतासाठी रानात बसायला येतोय, दोनशे बकरी आणि त्यांची तीन कुत्री. त्या वेळी तांबूला घरात कोंडू का लांबनं दाखवू?

रायबागचे_आबा

लांबनं दाखव, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बस, कासरा कमरेला. धनगराला आदल्या दिवशी सांगून ठेव म्हणजे तो आपली कुत्री धरेल. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, जास्त नको.