रॉजर ब्राऊनच्या बाजूने तुम्ही कधी झालात?

‘हेडहंटर्स’ पाहिलेल्यांसाठी हा धागा. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं. पुढे सगळी रहस्यं उघडी पडणार आहेत, नंतर रडारड चालणार नाही.

जो नेस्बोच्या २००८च्या कादंबरीवरून मॉर्टन टिल्डमने २०११ साली केलेला हा नॉर्वेजियन सिनेमा. रॉजर (आक्सेल हेनी) ऑस्लोत बड्या कंपन्यांना बडे अधिकारी शोधून देतो आणि फावल्या वेळात त्याच उमेदवारांच्या घरची चित्रं चोरून तिथे नकला टांगतो. बायकोला फसवतो, प्रेयसीला झटकून टाकतो, समोरच्याला कस्पटासमान लेखतो. सुरुवातीला वाटतं, याला कोणीतरी धरून बडवलं पाहिजे. मग खरोखरच एक जण बडवायला येतो आणि आपण चक्क ‘पळ रे, पळ’ करायला लागतो. ही पलटी तुमची नेमकी कुठे झाली? की झालीच नाही? कोणासोबत पाहिलात तेही लिहा. माझी पलटी ट्रॅक्टरपाशी झाली, पण त्यावर इथे भांडणं होणार हे दिसतंच आहे.

खडीसाखर
संडास. दुसरं उत्तर असूच शकत नाही.

क्लास ग्रेव्ह, म्हणजे तो बडवायला आलेला, मागावर आहे, शेतावरच्या त्या लाकडी संडासाखेरीज लपायला जागा नाही, आणि रॉजर भोकातून खाली उतरतो. मी ताटात पिठलं-भात घेऊन बघत होते, यापेक्षा जास्त सांगत नाही. आमच्या आजोळी परसात तसलाच संडास होता. लहानपणी त्यात पडण्याची स्वप्नं पडून मी किंचाळत उठायचे, त्यामुळे माझी अवस्था इतरांपेक्षा वाईट झाली असणार.

पण लक्षात राहिली ती घाण नव्हे. पूर्ण बुडी मारायच्या आधी तो टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी उचलतो, श्वास घ्यायला. जीव जायची वेळ आली तरी डोकं चालू आहे! अर्धा तास ज्या हुशारीची चीड येत होती, तिच्यावर मी तिथे फिदा झाले. आई मधेच येऊन ‘जेवताना हे काय बघतेस?’ म्हणाली आणि मग दारातच उभी राहून शेवटपर्यंत बघत बसली. सबटायटल्स न वाचता. अधूनमधून फक्त ‘त्या बारक्याला सोडा की आता’ एवढंच.

नोटीस पिरियड
मी अजूनही त्याच्या बाजूची नाही. मी स्वतः भरतीच्या धंद्यात आहे, आणि मुलाखतीचा तो प्रसंग बघताना अंगावर काटा आला. आधी समोरच्याला त्याची किंमत काय हे सुनावायचं, मग सहज गप्पांच्या ओघात विचारायचं: घरी चित्रं आहेत का, कुत्रा आहे का, बायको दिवसा कुठे असते. ‘घरी कोण कोण असतं?’ हा प्रश्न आम्हीही विचारतो, चोरीसाठी नाही एवढंच. उमेदवार बिचारा नोकरीच्या आशेने सगळं ओकतो. त्या खुर्चीत बसून असा फायदा घेणाऱ्याला संडासात बुडवलं काय नि दरीत ढकललं काय, मला काडीचंही दुःख नाही. सिनेमा मात्र झकास आहे, त्याबद्दल वाद नाही.

टाचेवर
मी पहिल्या मिनिटापासून त्याच्या बाजूचा. तो स्वतःच सांगतो ना, उंची १६८ सेंटीमीटर! आपल्याकडे साडेपाच फूटवाल्याला कोणी बुटका म्हणणार नाही. नॉर्वेत पुरुषांची सरासरीच १८०च्या आसपास, आणि बायको त्याच्याहून उंच. ऐपतीबाहेरचं घर, बायकोची गॅलरी, त्यासाठी चोऱ्या, सगळं त्या कमी पडलेल्या इंचांपोटी. मी त्याच्याहूनही कमी भरतो, त्यामुळे मला कोणी समजावू नये. समोर खलनायक म्हणून निकोलाय कॉस्टर-वाल्डाऊ, देखणा, ताडमाड, पूर्वीचा कमांडो. हा सामना बघून मी तटस्थ राहायचं?

मोत्याची आई
ट्रॅक्टरला अडकलेला कुत्रा. तिथे बंद केला. नवऱ्याने नंतर एकट्याने पूर्ण पाहिला आणि आठवडाभर मला ‘पण तो कुत्रा हल्लेखोर होता’ हे पटवत होता.

फ्योर्डकाठी
ऑस्लोत राहून एक भर घालतो. इथे पैसा दाखवणं हेच मुळात अशिष्ट समजतात. आक्सेल सांडेमोसेने १९३३च्या एका कादंबरीत गावाचे अलिखित नियम लिहिले होते, त्यांचं सार ‘स्वतःला आमच्याहून भारी समजू नकोस’. लोक ते अजूनही बोलण्यात वापरतात, निम्मे थट्टेने, निम्मे गंभीरपणे. त्यामुळे रॉजरचं ते काचेचं घर आणि तोऱ्यातलं बोलणं इथल्या माणसाला गुन्ह्याच्या आधीच खटकतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर पाहिला, तर मी जिथे डोळे झाकले तिथे तो मनापासून हसत होता. त्याच्या हिशेबी माजोरड्याची उतरत होती, बस्स.

आणि चित्रचोरी अगदीच हवेतली नाही. १९९४मध्ये लिलहॅमर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी इथल्या राष्ट्रीय कलादालनातून चित्रकार मुंकचं ‘किंकाळी’ हे चित्र पळवलं, वर सुरक्षा ढिसाळ ठेवल्याबद्दल आभाराची चिठ्ठीही ठेवली. २००४मध्ये मुंक संग्रहालयातून त्याच चित्राची दुसरी आवृत्ती दिवसाढवळ्या बंदूक रोखून नेली, ती २००६मध्ये मिळाली. चोरांच्या चिठ्ठीतला हा कोरडा विनोद सिनेमातही आहे.

पावशेर
ते दोन धिप्पाड जुळे पोलीस! गाडी दरीत कोसळते आणि त्यांच्या मधोमध चेपून बसल्यामुळे हा वाचतो. आधी हसलो, मग आपण कशावर हसलो ते कळून इकडेतिकडे पाहिलं.

तिरकस
सगळ्यांना तो आवडायला लागतो, कारण त्याला जास्त मार पडतो. ही दिग्दर्शकाची चलाखी आहे आणि आपण तिला भुलतो. त्याची प्रेयसी लॉटे त्याच्याच गोळीने मरते, त्यावर सिनेमा किती वेळ थांबतो? बायकोला, डायनाला, मूल हवंय, ते सोडून हा तिला सगळं देतो, आणि तिने दुसरीकडे पाहिलं की दुखावला जातो. तिच्या बाजूने हीच गोष्ट सांगितली असती तर रॉजर खलनायक ठरला असता. शिवाय केसांत चोळलेल्या जेलमधून माणसाचा ठावठिकाणा कळतो, हे मी २०११मध्येही गिळलं नव्हतं.

खडीसाखर
@तिरकस, जेलचं सोड. लॉटेबद्दल मात्र मान्य. तो प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहताना पुढे ढकलला.

उशिराचा प्रवासी
संडासाच्या बऱ्याच आधी. ग्रेव्हच्या घरातून रुबेन्सचं चित्र चोरायला गेलेला असताना तो डायनाला फोन लावतो आणि रिंग त्याच घरात ऐकू येते. आवाजाच्या मागे मागे जातो, तर फोन पलंगापाशी. लोकांच्या घरात शिरून त्यांचं मोलाचं उचलणाऱ्याला स्वतःचं काय गेलंय ते तिथे कळतं. हेनीचा चेहरा बघा, एक अक्षर बोलत नाही. सगळा तोरा उतरलेला, आणि हातात चोरीचा माल तसाच. मी ट्रेनमध्ये मोबाईलवर बघत होतो, ठाणे गेलं तेही कळलं नाही.

@तिरकस, डायनाच्या बाजूने बघायचं तर तिने ग्रेव्हच्या पिस्तुलात खोट्या गोळ्या भरल्या तो प्रसंग पुन्हा बघ. शेवटी वाचवलं कोणी? त्याच्या हुशारीने एकट्याने नव्हे.