माडीवरच्या कॉम्प्युटरमधले व्हिडिओ सोप्यातल्या टीव्हीवर दिसंनात, काय करू?

पेठेतला_गोलकीपर
नमस्कार मंडळी, दोन रविवार डोकं फोडून झालं म्हणून शेवटी इथं टाकतोय. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं, खालच्या भिंती दीड-दोन फुटी. कॉम्प्युटर माडीवर (आय-३ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, विंडोज १०) आणि टीव्ही खाली सोप्यात, ४३ इंची फोर-के अँड्रॉइडवाला. आबांना गुडघ्यामुळं आता शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढाय जमंना, आणि पेठेची फुटबॉल मॅच चुकली की माणूस दिवसभर जेवत नाही, म्हणून मी मॅच फोनवर शूट करून आणतो आणि आबा खाली बसून टीव्हीवर बघणार असा बेत. शिवाय काकांच्या २००४ च्या लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेतलीय, ती पण काकूला दाखवायचीय.
विंडोजमधलं मीडिया स्ट्रीमिंग चालू केलं, टीव्हीवर व्हीएलसी (व्हिडिओ बघायचं अॅप) टाकलं, पण लोकल नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर दिसतच नाही. गंमत म्हणजे माडीवर बसून फोनवरच्या व्हीएलसीत तोच कॉम्प्युटर लगेच दिसतोय, फोन घेऊन खाली आलो की गायब. भिंतीमुळं असंल का? पण खाली नेट तर फुल चालतंय.

तांबडा_पांढरा
भावा पेनड्राईव्ह लाव की, कशाला एवढा खटाटोप 😄

पेठेतला_गोलकीपर
केलं की ते आधीच. लग्नाची फाईल एका तासाला १३ जीबी, पेनड्राईव्ह घेईना, फाईल लई मोठी आहे म्हणतोय.

केबल_तात्या
पेनड्राईव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. ते राहू दे.
भिंतीला उगाच शिव्या देऊ नका. भिंतीनं व्हिडिओ अडखळंल, कॉम्प्युटर यादीतनं गायब होणार नाही. मला एकच सांगा, घरात राऊटर किती? आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नेटवर्कवरचा पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस काय दिसतो, कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग टाइप केल्यावर काय दिसतो, दोन्ही जसेच्या तसे लिहा.

पेठेतला_गोलकीपर
टीव्ही १९२.१६८.१.७
कॉम्प्युटर १९२.१६८.०.१०२
राऊटर दोन. फायबरचा डबा खाली दाराजवळ. वर रेंज येईना म्हणून नेटवाल्यानंच सांगितलं दुसरा घ्या, तो वर बसवून खालनं वायर ओढून दिली.

केबल_तात्या
सापडला चोर. तिसरा आकडा बघा, एकाचा १ आणि दुसऱ्याचा ०. म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत. टीव्ही खालच्या डब्यावर, कॉम्प्युटर वरच्या राऊटरच्या पाठीमागं. टीव्ही "कोण व्हिडिओ दाखवणार हाय का रे" म्हणून २३९.२५५.२५५.२५० ह्या पत्त्यावर, पोर्ट १९०० वर हाक मारतो, ती हाक आपल्याच गल्लीत फिरते, वरचा राऊटर पलीकडं जाऊ देत नाही. नेट मात्र दोन्हीकडं चालतं, त्यामुळं नेटवाला वायर जोडून, स्पीड दाखवून निघून जातो. त्याला काय, त्याचं काम झालं.
वरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (म्हणजे राऊटर स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता खालचंच पुढं नेतो) असला तर तो लावा, काम खल्लास. नसला तर त्याचा स्वतःचा पत्ता आधी १९२.१६८.१.२ करा (तो दुसऱ्या कुणाला दिलेला नाही हे बघून), मग डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि खालनं आलेली वायर वॅनच्या (बाहेरचं नेट आत येतं त्या) भोकातनं काढून लॅनच्या (घरातली यंत्रं जोडतात त्या) भोकात घाला. क्रम चुकवू नका, नाहीतर सेटिंगचं पान परत उघडायला घाम निघतो. शेवटी विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक असलं तर प्रायव्हेट करा.

सई_राजारामपुरी
मी पण ह्यातनंच गेलो (पुण्याची जाऊ हसती असं बोललं की, हसू दे). कॉम्प्युटर दिसायला लागल्यावर पुढचा त्रास फाईलींचा येणार, म्हणून आधीच सांगते.
एक जेलीफिन टाका, कॉम्प्युटरमधले व्हिडिओ टीव्हीवर पाठवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, २०१८ मध्ये एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरमधनं वेगळं निघालेलं. कॉम्प्युटरवर सर्व्हर, टीव्हीवर त्याचं अॅप, पोर्ट ८०९६. मॅचची फाईल फोनची एच-२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) असणार, ती तुमचा टीव्ही स्वतः वाजवतो, तशीच जाऊ दे. टीव्हीच्या अॅपमध्ये क्वालिटी कमी केली की सर्व्हर फाईल बदलून पाठवायला बसतो, आणि चौथ्या जनरेशनच्या आय-३ ला एच-२६५ उलगडायची हार्डवेअर सोयच नाही, पंखा रिक्षासारखा ओरडायला लागतो.
लग्नाच्या फाईलचं उलटं. कॅसेटची डीव्ही पद्धत टीव्हीला कळत नाही. हँडब्रेक ह्या फाईल बदलायच्या सॉफ्टवेअरमधून एच-२६४ (जुनी, सगळीकडं चालणारी पद्धत) एमपी-४ करून घ्या, त्यातलं डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर काकू हलल्या की साडीच्या काठाला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. रात्री लावून झोपा. मूळ १३ जीबीवाली मात्र पुसू नका, कॅसेट परत चालंलच असं नाही.
आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या, डबा त्याच खोलीत आहे ना.

पेठेतला_गोलकीपर
झालं!! अॅक्सेस पॉइंट मोड होता त्यात, एवढे दिवस झाकून ठेवलेला. टीव्ही आता १.७ आणि कॉम्प्युटर १.९, लगेच दिसला. लग्नाची फाईल हँडब्रेकनं सव्वा जीबीवर आली, काकू दोनदा रडली आणि एकदा काकांवर ओरडली, कशावरनं ते विचारू नका.
मॅचला मात्र पहिल्या दिवशी घोळ झाला. ऐन पेनल्टीला स्क्रीन अडकली, आबा काठी घेऊन उठले, मी पळत माडीवर, बघतो तर कॉम्प्युटर झोपलेला. स्लीप बंद केलं. आता मॅच सुरू झाली की शिट्टी वाजेपर्यंत सलग चालती.
तात्या, सईताई, लई उपकार. आबा खूश आहेत का म्हणाल तर त्यांचं आता वेगळंच, "एवढा गोल झाला आन् तू खांबाच्या मागं कशाला उभारला होतास?"