अंडं 'जागं' शुक्राणू करतो, हे शिकवणं थांबवा

ऊसकरी_शिरोळ: आमच्या भागात खोडकिडीसाठी उसाच्या पानामागं ट्रायकोकार्ड, म्हणजे आत मित्रकीटक वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद, टाचतात. त्यातनं निघणाऱ्या इवल्या ट्रायकोग्रामा गांधीलमाशीचं फलन न झालेलं अंडंही वाढतं, त्यातनं नर निघतो. मधमाशीचंही तसंच; मधमाशीपालक झीरझोननं ते 1845 मध्येच मांडलं होतं. तरी वर्गात आपण सांगतो की शुक्राणू शिरला की अंडं जागं होतं, म्हणजे वाढीला लागतं. कीटकांपुरतं हे चूक आहे. पिंपला नावाच्या परोपजीवी गांधीलमाशीच्या अंडाशयातनं काढलेली अंडी तशीच ठेवली तर वाढत नाहीत. अंडं घालायच्या अरुंद नळीतनं जाताना बसतो तसा दाब दिला की वाढू लागतात. 1970 च्या दशकातला प्रयोग आहे. शुक्राणूचा संबंधच नाही!

प्रयोगशाळा_राजारामपुरी: अजिबात पटलं नाही. जागं होणं वेगळं, विभागणं वेगळं. फळमाशीचं अंडं अंडाशयातून नलिकेत उतरतं, पाणी शोषून फुगतं, कॅल्शियमची लाट पसरते आणि अडकलेलं अर्धसूत्री विभाजन पुरं होतं. हे सगळं शुक्राणूविना होतं, मान्य. पण पुढं गाडं अडतं. गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंना सेंट्रोसोम, म्हणजे ते तंतू जिथून उभे राहतात ते केंद्र, लागतं आणि त्याचं बीज असलेला सेंट्रिओल हा बारीक कण शुक्राणूच आणतो. मग सुरुवात कुणी केली?

ऊसकरी_शिरोळ: फळमाशीत बरोबर. पण नॅसोनिया या गांधीलमाशीचं फलन न झालेलं अंडं स्वतःच्या पेशीद्रवातून सेंट्रोसोम नव्यानं उभे करतं, तेही एक-दोन नव्हे, कितीतरी. त्यातले दोन केंद्रकाला चिकटतात आणि विभाजन सुरू होतं. फलन झालेल्या अंड्यातही ते तयार होतात, फक्त तिथं शुक्राणूकडचे वापरले जातात. म्हणजे ऐपत अंड्याचीच.

करवीर_कृषी: भावांनो, दोघंही गांधीलमाशी-फळमाशीतच अडकलाय. 2002 साली उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी कीड आली तेव्हा पानाखाली पांढरा थर कसा झपाट्यानं वाढला ते आठवा. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लंच देते, अंडं बाहेर पडतच नाही. गर्भ अंडाशयातच वाढतो, आईच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू धरलेलं असतं. तिथं कुठला नळीतला दाब? काडीकिड्याच्या अंड्याला तर बाहेर पडल्यावर हवेतला ऑक्सिजन लागला की चालना मिळते. 'दाबानं जागं होतं' असं सरसकट शिकवलंत तर तेही तितकंच चूक.

ऊसकरी_शिरोळ: हे मान्य. पण यातल्या एकालाही शुक्राणू लागत नाही, माझा आग्रह तेवढाच.

दहावीचा_वर्ग: चाळीस मिनिटांच्या तासात मी सेंट्रोसोम कुठून आणू? पोरांना आधी नियम कळू दे, अपवाद नंतर.

प्रयोगशाळा_राजारामपुरी: सर, इथं मात्र मी ऊसकरींच्या बाजूनं. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या या अख्ख्या गटात नर असेच, फलन न झालेल्या अंड्यातून होतात. याला अपवाद कसं म्हणायचं? काही ट्रायकोग्रामांत तर वोल्बाकिया जिवाणू असतो. तिथं पहिल्या विभाजनात गुणसूत्रं वेगळीच होत नाहीत, अंड्यातला एकेरी संच दुप्पट होतो आणि नराऐवजी मादी निपजते. टेट्रासायक्लिन हे जिवाणू मारणारं औषध दिलं की पुन्हा नर दिसू लागतात. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात, आणि ट्रायकोकार्ड पोरांच्या बांधावरच असतं.