मदत हवी आहे : तान्ह्या बाळाच्या फिट्स आणि मेंदूची वाढ

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितेय. माझ्या भावाच्या बाळाला तिसऱ्या दिवशी फिट्स आल्या. हातपाय ताठ वगैरे काही नाही. नुसते सायकल चालवल्यासारखे पाय हलायचे, ओठ चोखल्यासारखे व्हायचे. आईला वाटलं, भूक लागली असेल. बेळगावला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं, फेनोबार्बिटोन हे फिट्सचं औषध सुरू झालं. आता सात महिन्यांचं आहे, अजून मान नीट धरत नाही.

मी बीएस्सी केलंय, म्हणून वाचत बसते. मोठ्यांच्या मेंदूत गाबा हे रसायन पेशीला शांत करतं. त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं त्याचं दार, उघडला की क्लोराइड (ऋण भार असलेले कण) पेशीत शिरतं. नवजात पेशीत मात्र क्लोराइड आधीच जास्त असतं, ते उलट बाहेर पडतं आणि पेशी शांत व्हायच्या ऐवजी चेतू शकते. आणि फेनोबार्बिटोन तर गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतं! तान्ह्यांत ते कधी कधी कमी पडतं, त्याचं हे एक कारण मानतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोवळ्या पेशी फिट्सनी सहजासहजी मरत नाहीत, पण त्यांचे रिसेप्टर आणि जोडण्या बदलतात. हे वाचल्यापासून झोप नाही.

औषध आम्ही बंद केलेलं नाही, करणारही नाही. पण ते किती महिने चालतं? ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) पुन्हा कधी करतात? कोणाचं बाळ यातून गेलंय का? बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडे मराठीत समजावून सांगणारे मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट माहीत असतील तर कृपया कळवा. वहिनीला कन्नड येत नाही, डॉक्टरांचं बोलणं तिला निम्मंच कळतं.