लघवीतून रक्त गेलं, दुखत काहीच नाही. दुर्बिणीच्या तपासणीबद्दल मदत हवी आहे

माझ्या सासऱ्यांना (वय ६८) मागच्या आठवड्यात लघवीतून रक्त गेलं. नुसती गुलाबी झाक नव्हती, चांगली गडद लाल लघवी आणि शेवटी एक बारीक गुठळी. जळजळ, ताप, पोटात कळ, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. तेव्हापासून "उष्णता झाली होती, गेली" म्हणून ते विषय झटकतात.

सोनोग्राफी नॉर्मल आली, लघवीत जंतुसंसर्गही नाही. तरी युरॉलॉजिस्टनी सिस्टोस्कोपी (लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं) आणि सीटी स्कॅन सांगितलंय. त्यांचं म्हणणं, न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं, रक्त आपोआप थांबलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही, आणि लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत सुटू शकते. त्यात बाबांनी तीसेक वर्षं सिगारेट ओढलीय. रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे, पण गोळीवर खापर फोडून तपासणी टाळू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. मला ते पटतं. बाबांना पटवायचंय, आणि ते महाकठीण काम आहे!

ज्यांची किंवा ज्यांच्या घरच्यांची सिस्टोस्कोपी झालीय त्यांनी कृपया सांगा: फक्त जागा बधिर करून केली तर कितपत त्रास होतो? नंतर लघवीला जळजळ किती दिवस राहिली? रक्त पातळ करायची गोळी आधी बंद करायला सांगितली होती का? (डॉक्टरांना विचारणार आहोतच.)

घाबरलेल्या, हट्टी माणसाला तुम्ही कसं तयार केलंत, तेही लिहा. घरगुती काढे कृपया सुचवू नका.