सिंधुदुर्गाला जाताना मालवणात मुक्काम करावा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या डिसेंबरात आम्ही मुलांसह कोल्हापूरला सासरी जाणार असून, तिथून मालवणला जाऊन होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहण्याचा विचार आहे. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्यांना होडीत चढता-उतरता येईल का, आणि पहाटे निघून रात्री कोल्हापूरला परतणे जमेल का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली,
मंडळाची एक सभासद

*

वहिनी, सप्रेम नमस्कार.

मी सध्या कोल्हापुरातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गगनबावड्यावरून घाट उतरून मालवण सुमारे दीडशे किलोमीटर पडते, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणे अशक्य नाही. पण तसे करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गेल्या वर्षी आम्ही नेमके तेच केले. धक्क्यावर पोहोचेपर्यंत दुपार झाली, वाऱ्याने पाणी उसळू लागले होते, आणि होडीवाल्याने किल्ल्यावर उतरवताना तासाभरात परत यायला सांगितले. आम्ही मंदिरातून बाहेर पडतो न पडतो तोच त्याची हाक आली. तटावर पाऊलही न ठेवता परतावे लागले, याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून आदल्या रात्री मालवणात राहा आणि सकाळच्या पहिल्या होडीने निघा. होडीत बसण्यापूर्वीच दोन-अडीच तास लागतील असे तांडेलाशी, म्हणजे होडीच्या मुख्य खलाशाशी, बोलून ठेवा. होडीचा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे, पण मुलांना पुढच्या बाजूला बसवा. किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे, त्याभोवती पाण्याखाली खडक आहेत आणि तांडेल त्यांच्यामधून वळणे घेत होडी नेतो. तट अगदी समोर येतो तरी दरवाजा कुठे दिसत नाही. होडी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आड दडलेली वाट एकाएकी उघडते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या जलदुर्गाची ही योजना जमिनीवरून कितीही वर्णन ऐकले तरी कळत नाही.

सासूबाईंविषयीची आपली काळजी रास्त आहे. अडचण फक्त धक्क्यावरून होडीत पाय टाकताना येते, कारण होडी वरखाली होत असते. होडी वर आली की पाऊल टाकायचे आणि खलाशाचा हात मनगटाशी धरायचा, एवढे त्यांना आधी समजावून सांगा. आत गेल्यावर शिवराजेश्वर मंदिरापर्यंत त्या सावकाश चालू शकतील. तटावर मात्र चढवू नका.

त्या मंदिरासाठी वेळ राखून ठेवा, कारण आपणा कोल्हापूरकरांचे या किल्ल्याशी जुने नाते आहे. शिवरायांचे पुत्र राजाराम महाराज यांनी उभारलेल्या या मंदिरातील शिवरायांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नाविकासारखी टोपी आहे. पुढचा सभामंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधला. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, पुढे तो करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे, परत आला आणि १८१२ च्या तहाने मालवणासह कायमचा गेला. आपल्या मुलांना पन्हाळा ठाऊक असतो. करवीर गादीला समुद्रही होता, हे त्यांना तिथेच उभे राहून सांगावे, असे मला मनापासून वाटते.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरीही दाखवा. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

डिसेंबरात समुद्र शांत असतो, तेव्हा महिना योग्य निवडला आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

आपला,
मंडळाचा एक ज्येष्ठ सभासद

*

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. मालवणात एक रात्र राहायचे ठरवले आहे. सासूबाईंना आपले पत्र वाचून दाखवले, तेव्हा तटावर चढणार नाही, पण मूर्तीचे दर्शन घेतल्यावाचून परतणार नाही, असे त्यांनी सांगितले.